स्पॉटिंग स्कोपला ट्रायपॉड घेताय? या चुका टाळा

दिवाळी झाली की गोव्यात करमळीच्या तळ्यावर, चोडणला, मोरजीच्या वाळूवर स्पॉटिंग स्कोप, म्हणजे लांबचे पक्षी बघायच्या एकनळी दुर्बिणी, दिसू लागतात. दरवर्षी नवे चेहरे आणि दरवर्षी त्याच चुका. स्कोपचा अभ्यास महिनोन्‌महिने झालेला असतो. काच कुठली, पुढचं भिंग 65 मिलिमीटरचं की 80 चं, सगळं तोंडपाठ. खाली लावलेला ट्रायपॉड मात्र घरात पडून असलेला, कधीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढण्यासाठी आणलेला. मग तक्रार सुरू होते, ‘40 पटीच्या वर झूम केलं की धूसरच दिसतं.’ बहुतेक वेळा ते धूसर नसतं, हलत असतं.

हिशेब करून बघा. स्कोप एका अंशाच्या दहाव्या भागाएवढा हलला, तरी 200 मीटरवर नजर 35 सेंटिमीटर सरकते. मोरजीला भरतीच्या वेळी वाळूवर बसलेला लेसर सँड प्लोव्हर चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम 20 सेंटिमीटर भरतो. हा लेसर की ग्रेटर हे ठरवायचं तर चोचीची लांबी-जाडी आणि पायांची ठेवण नीट बघावी लागते, आणि इथे अख्खा पक्षीच नजरेसमोर नाचतोय. गळ्यातल्या 8 पट दुर्बिणीत हा थरथराट फारसा जाणवत नाही. 60 वर तोच असह्य होतो.

भक्कम ट्रायपॉड म्हणजे महागडा ट्रायपॉड, हा समज आधी काढून टाका. पाय जाड, जोड कमी आणि उंची कमी, एवढं सांभाळलं तर साधा ॲल्युमिनियमचा ट्रायपॉडही उत्तम चालतो. खालच्या बहुतेक चुका या तीनपैकी काहीतरी विसरल्यामुळेच होतात.

मधला दांडा वर काढणं

ही चूक सगळ्यात जास्त दिसते आणि सगळ्यात जास्त नुकसान करते. तिन्ही पाय पूर्ण उघडले तरी डोळा पोचत नाही, म्हणून मधला दांडा फूटभर वर काढला जातो. म्हणजे तीन पायांच्या स्टुलावर एक काठी उभी केली आणि तिच्या टोकावर दीड-दोन किलोचा स्कोप ठेवला. दांडा जितका बाहेर येईल तितका वाकतो, आणि तेही सरळ प्रमाणात नाही. 15 सेंटिमीटरचे 30 केले तर तेवढ्याच धक्क्याला तो साधारण आठपट वाकतो. फोकसच्या चाकाला नुसतं बोट लावलं तरी चित्र डोलतं ते यामुळे.

थरथर परवडली, पण दांडा वर असताना तोल गेला तर स्कोपच जातो. मोरजीला, शापोऱ्याच्या मुखाकडच्या वाळूवर, एका तरुणाचा असाच गेला. फेब्रुवारीची दुपार, समुद्रावरचा वारा नुकताच वाढलेला. दोन वर्षं पैसे साठवून घेतलेला 80 मिलिमीटरचा सरळ स्कोप, खाली चार घड्यांचा (म्हणजे प्रत्येक पाय एकात एक सरकणाऱ्या चार नळ्यांचा) हलका ट्रायपॉड, दांडा पूर्ण वर. पाय कोरड्या वाळूवर नुसते टेकवलेले. मागच्या मित्राला ‘ये, बघ’ म्हणायला तो दोन पावलं मागे सरला. जमिनीकडच्या बाजूचा पाय वाळूत बोटभर खचला, त्याच वेळी वाऱ्याचा झोत आला आणि सगळं सावकाश कलंडलं. आयपीस, म्हणजे डोळा लावायची बाजू, खाली आणि वर स्कोपचं वजन. आयपीसची कड वाकली आणि झूमच्या कड्यात वाळू शिरली. ट्रायपॉडला ओरखडाही नाही. तो ट्रायपॉड ‘तात्पुरता’ होता, चांगला पुढच्या वर्षी घ्यायचा होता. स्कोपच्या बाबतीत हा ‘तात्पुरता’ शब्द वापरूच नका. आजचं बजेट ठरलेलं असेल तर स्कोप एक पायरी खालचा घ्या आणि ट्रायपॉड आजच नीट घ्या.

वाळूवर पाय टेकवून भागत नाही. स्कोप चढवायच्या आधी एकेक पाय हाताने दाबून, घट्ट थर लागेपर्यंत आत घाला. ओल्या वाळूत एवढं पुरतं. कोरड्या वाळूसाठी हातभर लांबीच्या पट्टीतून कापलेले प्लायवूडचे तीन चौकोनी तुकडे पिशवीत ठेवा, 10 सेंटिमीटर बाजूचे, आणि पाय त्यावर ठेवा. एक पाय नेहमी स्कोपच्या तोंडाच्या दिशेला, कारण जड बाजू तीच. उतारावर मात्र दोन पाय उताराकडे आणि एक चढाकडे. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेताच्या, बांधावर हे विसरलं की स्कोप थेट चिखलात जातो.

आपली उंची न मोजता घेणं

दांडा वर काढावा लागतो, कारण खरेदीच्या वेळी कोणी मोजलेलं नसतं. तिरप्या आयपीसचा स्कोप असेल तर मान किंचित वाकवून वरून बघायचं असतं, म्हणजे आयपीस हनुवटीच्या आसपास हवा. पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसासाठी तो जमिनीपासून साधारण 145 सेंटिमीटरवर येतो. त्यातून हेडचे (ट्रायपॉडच्या डोक्यावरचा, स्कोप फिरवणारा भाग) 10-12 आणि स्कोपच्या तळाच्या पायापासून आयपीसपर्यंतचे 12-15 वजा करा. दांडा पूर्ण खाली असताना 120 सेंटिमीटरचे पाय पुरतात. सरळ स्कोपला हेच 135 च्या पुढे जातं. त्या 15 सेंटिमीटरमध्ये पैसेही जातात आणि स्थैर्यही. म्हणून हात आखडता असेल तर तिरपा स्कोप घ्या, असं माझं ठाम मत आहे. चारचौघांत तो बुटक्या माणसाच्या उंचीला लावला की उंच माणूस वाकून बघू शकतो. उलटं जमत नाही. दुकानात जाताना मोजपट्टी न्या आणि आकडे डब्यावरून वाचू नका. डब्यावरची ‘कमाल उंची’ दांडा वर काढूनच मोजलेली असते.

बॉल हेड आणि सैल प्लेट

बॉल हेड, म्हणजे गोळ्यावर फिरणारं हेड, फोटोसाठी छान असतं. स्कोपखाली ते पाहिलं की जीव कळवळतो. एकच खिट्टी सैल केली की स्कोप चारही दिशांना मोकळा होतो आणि नाक खाली टाकतो. उडत्या ऑस्प्रेचा माग काढताना एक हात खिट्टीवर, एक हात स्कोपवर, फोकसला तिसरा हात कुठून आणायचा? स्कोपला दोनच हालचाली लागतात, आडवी आणि उभी. म्हणून एका दांडीचं पॅन-टिल्ट हेड घ्या, जमलं तर फ्लुइड, म्हणजे आतल्या ग्रीसमुळे सावकाश, सलग वळणारं. तीन दांड्यांचं फोटोचं हेडही नको. त्यातला बाजूला कलणारा तिसरा सांधा आपल्या कामाचा नाही, आणि प्रत्येक जादा सांधा म्हणजे थोडा जादा खुळखुळाट.

हेडची परीक्षा अशी करा. स्कोप चढवा, उभी हालचाल थोडी घट्ट करा, चिमूटभर खाली वळवा आणि हात काढा. तो तिथेच थांबला पाहिजे. खाली घसरला तर ताण कमी आहे किंवा स्कोप पुढे जड आहे. प्लेट (स्कोपखाली स्क्रूने बसणारी, हेडमध्ये अडकणारी पट्टी) लांब असेल तर स्कोप मागे सरकवून तोल साधा. उलट, वळवल्यावर चित्र थोडं परत मागे येत असेल तर दोष बहुधा हेडचा नसतो, प्लेटचा असतो.

या प्लेटकडे कोणी बघतच नाही. स्कोपच्या पायाला तळाशी बहुधा एकच भोक असतं, पाव इंची, म्हणजे इंचाला 20 आटे. काहींना जोडीला तीन-अष्टमांश इंची, 16 आट्यांचंही असतं. एकाच स्क्रूवर अख्खा स्कोप, त्यात प्लेटवर जाड मऊ रबर. दांडी ढकलली की आधी रबर पिळतं, मग स्कोप वळतो, आणि दांडी सोडली की रबर सुटून चित्र मागे उडी मारतं. पातळ, कडक गादीची प्लेट घ्या. व्हिडिओच्या प्लेटवर स्क्रूशेजारी छोटी खुंटी असते. स्कोपच्या पायाला तिच्यासाठी खाच असेल तर ती जरूर बसवा, स्कोप फिरायचाच नाही. काही स्कोपच्या पायाच्या कडाच तिरक्या असतात आणि तो अर्का पद्धतीच्या, म्हणजे तिरक्या कडा चिमटीत धरणाऱ्या, क्लॅम्पमध्ये थेट बसतो. तसं असेल तर प्लेटच नको.

प्लेट कितीही आवळली तरी हलतेय? स्क्रू काढून त्याची लांबी बघा. तो भोकाच्या तळाला टेकत असेल तर हाताला घट्ट लागतो, प्लेट मात्र मोकळीच राहते. एक पातळ वॉशर घाला. बोटांनी आवळून थांबू नका, रुंद पात्याचा स्क्रूड्रायव्हर किंवा ॲलन की वापरा. आणि स्क्रू हरवला म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून 6 मिलिमीटरचा बोल्ट आणून बसवू नका. पाव इंच म्हणजे 6.35 मिलिमीटर आणि आट्यांचं अंतरही वेगळं. दोन फेरे जातो, बसल्यासारखा वाटतो आणि स्कोपच्या पायाचे आटे खाऊन टाकतो. कॅमेऱ्याच्या दुकानात पाव इंची स्क्रू मागा. तो मिळतो.

बाकीच्या, थोडक्यात

‘8 किलो पेलतो’ हे वाचून भुलू नका. न मोडणं वेगळं, न हलणं वेगळं. स्कोप आणि हेड यांच्या वजनाच्या किमान तिप्पट आकडा धरा, आणि तरीही सगळ्यात खालची, बारीक नळी हातात धरून बघा. करंगळीएवढी असेल तर परत ठेवा.

चार-पाच घड्यांचा ट्रायपॉड सामानात छोटा होतो, एवढाच त्याचा गुण. तीन घड्यांचा घ्या आणि उघडताना जाड नळी आधी, बारीक शेवटी. अपवाद चिखलाचा आणि पाण्याचा. तिथे खालची नळी वीतभर बाहेर काढा, म्हणजे तिचं लॉक वर, कोरडं राहतं.

दांड्याच्या आकड्याला पिशवी लटकवायची तर ती जमिनीला जेमतेम टेकली पाहिजे. अधांतरी पिशवी वाऱ्यात झुलते आणि ट्रायपॉडलाही झुलवते.

चोडणच्या मचाणावर किंवा लाकडी फळ्यांवर कोणी चाललं तर चित्र हलणारच. ट्रायपॉड फळीच्या मधोमध न ठेवता खाली तुळई असेल तिथे ठेवा आणि बरोबरच्यांना क्षणभर उभं राहायला सांगा. होडीत ट्रायपॉड काढूच नका, तिथे दुर्बीणच खरी.

एका पायाचा मोनोपॉड 20-25 पटीपर्यंत ठीक, पुढे नाही.

गाडीतून बघणार असाल तर जुन्या जीन्सच्या मांडीचा 30 सेंटिमीटरचा तुकडा दोन्हीकडून शिवा, तीन-चतुर्थांश भाग तांदळाने भरा. पिशवी दीड-दोन किलोची होते. ती खिडकीच्या कडेवर ठेवा, इंजिन बंद करा आणि स्कोपचं धड तिच्यात रुतवा, फोकसचं कडं नाही. 40 पटीपर्यंत उत्तम चालते. जूनच्या आधी तांदूळ काढा, नाहीतर पावसाळ्यात सोंडे होतात.

खाऱ्या पाण्याहून आल्यावर ट्रायपॉड तसाच कोपऱ्यात उभा करणं ही आपल्याकडची खास चूक. मिठाने ॲल्युमिनियम पांढरं पडतं आणि पोलादी स्क्रू आत चिकटून बसतात. त्याच संध्याकाळी पाय पूर्ण लांब करा, गोड्या पाण्याने धुवा आणि लॉक उघडी ठेवून सावलीत वाळवा. तेल लावू नका, तेलाला वाळू धरते.

स्वस्तात घ्यायचा तर

लग्नांची शूटिंग करणाऱ्यांकडे जुने, दुहेरी नळ्यांचे व्हिडिओ ट्रायपॉड पडून असतात. वजन तीन ते पाच किलो, म्हणून बांधावरून लांब चालायला नकोत. करमळीला रस्त्याकडेला गाडी लावून बघणाऱ्याला मात्र यासारखं दुसरं नाही. घेताना हेड अगदी सावकाश वर-खाली करा. मध्ये अडकून झटका देत असेल तर आतलं ग्रीस वाळलंय. घरच्या बाल्कनीतून किंवा शेताच्या कडेला एकाच जागी बसून बघायचं असेल तर सर्व्हेवाल्यांचा जुना लाकडी ट्रायपॉडही अप्रतिम. त्याचा स्क्रू पाच-अष्टमांश इंची, 11 आट्यांचा असतो. तीन-अष्टमांशला उतरवणारा तुकडा लेथवाल्याकडून करून घ्या.

कुठलाही घ्या, पैसे देण्याआधी आपला स्कोप चढवून दुकानाच्या दारातून समोरची लांबची पाटी 40 पटीवर धरा. पायावर टिचकी मारा आणि अक्षरं स्थिर व्हायला किती वेळ लागतो ते मोजा. एका सेकंदात शांत झाली तर घ्या. दोनच्या पुढे गेली तर नको. दुकानदार घाई करेल, करू द्या.

तरीही हलतंय?

वरून खाली तपासा. आधी स्कोपचा पाय आणि प्लेट, मग प्लेट आणि हेड, मग हेड आणि दांडा. हेड दांड्यावर फिरत असतं, आणि ते खालून आवळायचं असतं हे पुष्कळांना माहीत नसतं. मग दांड्याची खिट्टी, मग पाय जिथे वर जोडलेले असतात तिथले बोल्ट. हे बोल्ट वर्षभरात सैल होतातच. ॲलन कीने इतके आवळा की पाय उचलून सोडला तर आपल्या वजनाने धाडकन न पडता सावकाश खाली यावा. शेवटी नळ्यांची लॉक.

सगळं घट्ट असूनही चित्र डचमळत असेल तर दोन्ही हात काढून दहा सेकंद थांबा. हालचाल थांबली तर दोष तुमच्या हाताचा किंवा ट्रायपॉडचा. थांबली नाही, कडा पाण्याखाली असल्यासारख्या लहरत राहिल्या, तर ती तापलेल्या हवेची झळ आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये मोरजीची वाळू सकाळी उशिरा तापली की कितीही भारी ट्रायपॉड आणा, ती जाणार नाही. झूम 25-30 वर उतरवा, जवळचे पक्षी बघा आणि लांबच्या थव्यासाठी दुसऱ्या दिवशी उजाडताना या.