जड कपाट भिंतीवर चढवण्याआधी भिंत ओळखा

कपाट लावायचं ठरलं की गिऱ्हाईक आधी विचारतं, "किती इंची स्क्रू मारणार?" मी उलट विचारतो, भिंत कशाची आहे? मी नाशकात सुतारकाम करतो. सकाळी सराफ बाजारामागच्या वाड्यात काम असतं आणि दुपारी पाथर्डी फाट्याकडच्या नव्या फ्लॅटमध्ये. कपाट तेच, प्लाय तोच, पण एकीकडची गिट्टी (स्क्रू धरायला भिंतीच्या भोकात घालतात ती नळी) दुसरीकडे चालत नाही. भिंत न बघता कपाट चढवणं म्हणजे त्याखाली उभं राहून पोळ्या लाटणाऱ्या माणसाच्या डोक्यावर भार टांगणं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी वजन धरा. 18 मिमी प्लायचा 8 बाय 4 चा शीट साधारण 35 ते 40 किलोचा असतो. तीन फूट लांब, दोन फूट उंच, एक फूट खोल असं स्वयंपाकघरातलं वरचं कपाट दारांसकट रिकामंच 25 किलोच्या आसपास भरतं. त्यात डाळी-तांदळाचे डबे, कुकर आणि आजेसासूबाईंनी भांडी बाजारातून घेतलेली पितळी पातेली आली की 60-70 किलो सहज होतात.

आता जी गोष्ट बहुतेक जण सोडून देतात ती. हे वजन स्क्रूला नुसतं खाली दाबत नाही, वरच्या स्क्रूंना भिंतीतून बाहेरही ओढतं. माल सारखा भरलाय असं धरलं तर हिशेब सोपा आहे: एकूण वजनाला कपाटाच्या निम्म्या खोलीने गुणा आणि उंचीने भागा. 64 किलोचं, 12 इंच खोल आणि 24 इंच उंच कपाट असेल तर वरच्या रांगेवर 16 किलोची ओढ येते. तेच 64 किलो फ्रिजवरच्या 24 इंच खोल, 18 इंच उंच कपाटात भरा, ओढ 43 किलोंच्या घरात जाते. वजन तेवढंच, पण ओढ अडीच पटीहून जास्त. शिवाय दार उघडून त्याला धरून कोणी स्टुलावर चढलं तर तो भार वेगळा. म्हणून खोल आणि बुटकं कपाट मी नुसत्या भिंतीच्या भरवशावर कधी सोडत नाही. खालून ब्रॅकेट देतो, नाहीतर बाजूला उभी फळी घेऊन भार जमिनीवर उतरवतो.

भिंत ओळखायला 6 मिमीचा बिट आणि पत्राचं एक जुनं पाकीट पुरतं. कपाटामागे झाकलं जाईल अशा जागी पाकीट उघडं ठेवून चिकटवा आणि त्याच्या वर भोक पाडा. पहिला अर्धा-पाऊण इंच जे पडतं ते प्लास्टर, ते हिशेबात धरू नका. त्यापुढची पूड चिमटीत घेऊन बघा. लाल असेल तर भाजलेली वीट. करडी आणि भरड असेल तर बहुतेक राखेची वीट. एकलहऱ्याचं औष्णिक वीज केंद्र जवळ असल्याने आपल्याकडे ती पुष्कळ दिसते. पांढरट, हलकी पूड पडली आणि हॅमर (ड्रिलची ठोके मारत फिरायची सोय) न लावता, फारसा जोर न देता बिट आत गेला, तर तो एएसी ब्लॉक, ज्याला आपल्याकडे सगळे सिपोरेक्स म्हणतात. हॅमर लावूनही बिट रेंगाळला आणि बारीक करडी पूड आली तर काँक्रीट.

भोक पाडण्याआधी वायर आणि पाईप कुठून गेलेत ते बघा. स्विचबोर्डाच्या सरळ वर आणि सरळ खाली, नळाच्या वरच्या पट्ट्यात आणि गीझरच्या आसपास ड्रिल लावायचा नाही. शंका असेल तर त्या खोलीचा एमसीबी (वीज तोडणारा खटका) पाडा आणि ड्रिलसाठी दुसऱ्या खोलीतून वायर आणा.

विटेची नऊ इंची भिंत भरवशाची. तिच्यात 10 मिमी जाडीची, 80 ते 100 मिमी लांबीची नायलॉनची लांब गिट्टी आणि तिच्यासोबतचा जाड स्क्रू वापरा. दरजेत, म्हणजे दोन विटांमधल्या सांध्यात, भोक पाडू नका, विटेच्या पोटात पाडा. दरज लागली तर बिट एकदम सैल होतो आणि वाळू पडते. ते भोक सोडून दीड-दोन इंच वर सरका. चार इंची भिंतीत बिटाला तीन-सव्वातीन इंचावर टेप गुंडाळा आणि तिथेच थांबा, नाहीतर पलीकडच्या बेडरूमचं प्लास्टर उडतं. लोखंडी फास्टनर (पिळला की भोकात फुगून बसणारा बोल्ट) विटेत, त्यातही कडेजवळ, मारू नका. तो फुगताना वीटच तडकवतो. लाकडाची खुंटी ठोकून त्यात स्क्रू पिळणारेही अजून भेटतात. खुंटी वाळली की आकसते आणि स्क्रू ढिला पडतो. दोन फोटो टांगायला ठीक आहे, कपाटाला नाही.

काँक्रीटच्या कॉलम-बीमला किंवा ज्या इमारतीत सगळ्या भिंती काँक्रीटच्याच ओतलेल्या असतात तिथे लोखंडी फास्टनर उत्तम. सळई लागली तर बिट थांबतो, कधी ठिणगी दिसते. सळई कापायची नाही, भोक सरकवायचं.

सिपोरेक्सवर जरा थांबतो, कारण नव्या फ्लॅटमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. हा ब्लॉक हवेच्या बुडबुड्यांनी भरलेला असतो. हॅमर लावला की भोक आतून रुंदावतं. बाहेरून 10 मिमी दिसतं, पण आत गिट्टी फिरत राहते. म्हणून हॅमर बंद, नुसता फिरता ड्रिल, आणि गिट्टीच्या मापापेक्षा एक नंबर बारीक बिट. साधी गिट्टी नको, एएसीसाठी बनवलेली लांब पाकळ्यांची घ्या. भार जास्त असेल तर केमिकल अँकर, म्हणजे भोकात केमिकलने चिकटवलेला रॉड: भोक पाडा, ब्रशने घासा, पंपाने फुंकून पूड काढा, पुन्हा घासा-फुंका, मग केमिकल भरून रॉड फिरवत आत घाला. पूड राहिली तर केमिकल भिंतीला न धरता पुडीला धरतं. ट्यूबवर लिहिलेला वेळ पूर्ण होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत हा वेळ वाढतो, तोही ट्यूबवर दिलेला असतो. मधली चार इंची ब्लॉकची भिंत असेल आणि पलीकडची बाजू आपलीच असेल तर मी सरळ आरपार बोल्ट टाकतो आणि पलीकडून तीन इंची लोखंडी पट्टी लावतो. ती दिसते हे खरं, पण कपाट हलत नाही.

जिप्सम बोर्डच्या पार्टिशनवर जड कपाट नकोच. पार्टिशन उभं राहतानाच आत 18 मिमी प्लाय बसवून घेतला असेल तर गोष्ट वेगळी.

वाड्यांचं मात्र वेगळंच. रविवार पेठेत एका आजींना देवघराशेजारी भिंतीवर मोठं कपाट हवं होतं. म्हणाल्या, "अरे बाबा, दीड हाताची भिंत आहे, तिला काय होतंय?" मी म्हटलं, "आजी, आधी एक भोक पाडून बघू." पहिले दोन इंच चुन्याचा गिलावा बिटाने कष्टाने कापला आणि मग बिट एकदम आत गेला. बाहेर आली ती तपकिरी माती, कोरडी, धारेने, पाकीट भरेपर्यंत. बऱ्याच जुन्या भिंतींत दोन्ही बाजूंना दगड-विटांचा थर आणि पोटात माती-गोट्यांची भर असते. जाडी भरपूर, पण स्क्रूला धरायला काही नाही. गोदाकाठच्या भागात त्यात ओलही चढते. तिथे आम्ही जमिनीपासून उभी सागवानी चौकट केली, तिच्यावर कपाट बसवलं आणि चौकट वरून लाकडी खांबाला नुसती बांधली, झुकू नये म्हणून. आजींना ती भिंतीवरच्या कपाटापेक्षा आवडली, खाली पाट ठेवता येतात म्हणून.

बसवताना सहा मिमीच्या पाठीतून स्क्रू मारू नका. कपाटात वरच्या बाजूला आतून 18 मिमी प्लायची तीन-चार इंची आडवी पट्टी दोन्ही बाजूच्या फळ्यांत आणि वरच्या फळीत पक्की बसवा, स्क्रू तिच्यातून जाऊ दे, मोठ्या वॉशरसकट. त्याहून बरं म्हणजे भिंतीवर आधी लोखंडी हँगिंग पट्टी ठोकून घेणं: भार बऱ्याच भोकांत वाटला जातो आणि एखादी गिट्टी कच्ची निघाली तरी बाकीच्या सांभाळतात. रेघ पाणसळ लावूनच मारा, लादीवरून मोजून नको. लादीला उतार असतो. कपाटाच्या तळाच्या रेघेवर तात्पुरती लाकडी पट्टी मारली की कपाट तिच्यावर टेकवून दोन माणसांत आरामात काम होतं.

भिंतीला टाईल असेल तर टाईलवर टेप चिकटवा, टाईलच्या बिटाने हॅमर बंद ठेवून ती पार करा, मग भिंतीचा बिट लावा. गिट्टीचं तोंड टाईलच्या मागे गेलं पाहिजे. टाईलमध्येच फुगली तर टाईलला तडा जातो.

हँगिंग पट्टी लागली की लगेच कपाट चढवू नका. पाण्याचा 20 लिटरचा जार, भरलेला, 20 किलोहून थोडा जास्तच भरतो. पट्टीला दोरीने असे तीन जार टांगून रात्रभर ठेवा. सकाळी पट्टी भिंतीपासून सुटलेली दिसली, नख घालण्याइतकी जरी, तरी ती गिट्टी बाद.

कपाट भरताना जड भांडी खालच्या खणात, भिंतीकडे सरकवून ठेवा. पहिला पावसाळा झाला की वरची कड बघा. कपाट आणि भिंत यांच्यात पोस्टकार्ड सरकत असेल तर स्क्रू पिळत बसू नका. आधी वरचा खण रिकामा करा, मग बाकीचे, आणि सुतार येईपर्यंत खालून दोन टेकू लावून ठेवा.