मोडीतले संक्षेप संगणकावर उतरवताना

मोडी जरा सुटायला लागली की नवखा माणूस एक घाई हमखास करतो. कागदावर 'प॥ पैठण' दिसलं की 'परगणे पैठण' टाइप करून मोकळा होतो. वाचन बरोबर असतं, तरी असं लिप्यंतर मी परत पाठवते. कागदावर काय होतं आणि वाचणाऱ्याने काय भरलं हे एकदा मिसळलं की पुन्हा निराळं काढता येत नाही. तोवर मूळ रुमालही, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठाही, घरमालकाच्या कपाटात परत गेलेला असतो.

मी संभाजीनगरला इतिहासात एम. ए. करताना मोडी शिकले. आता मराठवाड्यातल्या वतनदार घराण्यांचे कागद स्कॅन होऊन आले की त्यांची लिप्यंतरं तपासते. २०२३ साली न्या. संदीप शिंदे समितीने निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला घेतल्यापासून 'मोडी शिकायची आहे, काम मिळेल का' असं विचारणारे वाढलेत. त्यांना मी आधी 'कु॥' दाखवते. जातीच्या रकान्यात तो 'कुणबी' असू शकतो, नावाच्या मागे 'कुलकर्णी'. अशा एका अक्षरावर कुणाचा तरी दाखला अडलेला असतो. तिथे आपला अंदाज कागदाच्या तोंडी घालायचा नाही.

आता अक्षरापुढच्या त्या दोन उभ्या रेघा, म्हणजे दोन दंड, बघा. 'मौ॥' म्हणजे मौजे, 'बि॥' म्हणजे बिन (अमक्याचा मुलगा), गावाच्या नावापुढे 'बु॥' आणि 'खु॥' म्हणजे बुद्रुक आणि खुर्द. हे शेवटचे दोन तर सातबाऱ्यावर अजून जिवंत आहेत. 'रा॥' नावाआधी आला तर राजश्री, नावानंतर आणि गावाआधी आला तर बहुधा राहणार. पण हिशेबाच्या बंदात 'रु॥ ५॥' असं येतं. पहिले दोन दंड संक्षेपाचे, दुसरे अर्ध्या रुपयाचे, म्हणजे आठ आण्यांचे. एक दंड असेल तर पाव, तीन असतील तर पाऊण. तेच दोन दंड अभंगाच्या ओळीअखेर आले तर नुसता विराम. म्हणून सगळ्या फाइलीवर एकदम फाइंड-रिप्लेस चालवण्याची हौस असलेल्यांना मी हिशेबाच्या कागदांजवळ फिरकू देत नाही.

या भानगडीवर उत्तर बऱ्याच आधी शोधलं गेलंय. जुने ग्रंथ आणि हस्तलिखितं संगणकावर आणण्यासाठी १९८७ पासून टीईआय (टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह) नावाची, मजकुरात खुणा घालण्याची पद्धत घडत आली आहे. आज चालते ती तिची पी-५ आवृत्ती २००७ मधली. तिच्यात एकाच जागी दोन्ही पाठ ठेवता येतात. 'चॉइस' नावाच्या खुणेच्या पोटात 'अ‍ॅबर' म्हणजे कागदावरचं रूप, 'प॥', आणि 'एक्स्पॅन' म्हणजे उलगडलेलं रूप, 'परगणे'. त्याहून बारीक जायचं तर संक्षेपाचे दंड 'एएम' खुणेत आणि आपण भरलेली अक्षरं, 'रगणे' एवढीच, 'ईएक्स' खुणेत. मग वाचकाला हवं ते रूप दाखवता येतं आणि 'परगणे' शोधणाऱ्यालाही तो कागद सापडतो. खात्री कमी असेल तर 'सर्ट' या गुणधर्मात 'लो' लिहा. लाज वाटून 'हाय' लिहिणारेच जास्त भेटतात.

एक्सएमएल, म्हणजे या खुणा ज्या भाषेत लिहितात ती, अजून जमत नसेल तर साध्या फाइलीत शिलालेखवाल्यांची पद्धत उचला. भरलेली अक्षरं गोल कंसात, प(रगणे). कसर लागून गेलेला मजकूर चौकोनी कंसात. दोन्ही कंस एकमेकांच्या जागी वापरू नका, कारण लेखकाने मुद्दाम न लिहिलेलं वेगळं आणि कसरीने खाल्लेलं वेगळं.

उलगडताना शुद्धलेखन कुणाचं? माझं मत ठाम आहे: त्या कारकुनाचं. तो दुसरीकडे पूर्ण शब्द 'मुकाम' असा लिहीत असेल तर 'मु॥' उलगडून 'मुक्काम' करू नका. पूर्ण रूप आधी त्याच कागदात शोधा, मग त्याच रुमालात, आणि तिथेही नसेल तर प्रकल्पाच्या यादीतलं घ्या. अशी यादी पहिल्याच आठवड्यात करायला घ्या, नाहीतर दोघांनी दोन तऱ्हांनी उलगडलेलं जुळवत बसावं लागतं. मोडीतली जोडाक्षरं मात्र या यादीत घुसडू नका. दोन अक्षरं एका फराट्यात लिहिली म्हणजे काही संक्षेप होत नाही.

चिन्हांचंही तसंच. मोडीला २०१४ मध्ये युनिकोड (संगणकावरच्या अक्षरांचा जागतिक संकेत) ७ मध्ये स्वतंत्र जागा मिळाली आणि तिथे संक्षेपाचं वेगळं चिन्ह आहे. पाव, अर्धा, पाऊण यांची चिन्हंही निराळी आहेत. लिप्यंतर देवनागरीत असेल तर दोन दंड चालतील, पण अपूर्णांकासाठी त्याची चिन्हंच वापरा, म्हणजे निम्मा घोळ तिथेच मिटतो. फॉन्ट दिसत नाही म्हणून कुरकुर होईल. नोटो सॅन्स मोडी उतरवून घ्या.

तारखांना थोडा जास्त वेळ द्या. 'सु॥ सन तिसा सबैन मया व अलफ' यातले आकडे अरबी शब्दांत आहेत: नऊ, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे शुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली एक कालगणना) ११७९. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७८ येतं, शुहूर वर्षाच्या उत्तरार्धात, म्हणजे जानेवारीपासून पुढे, ६००. फसलीला, म्हणजे महसुली सनाला, ५९० किंवा ५९१. हे गणित उलगडलेल्या शब्दात शिरू देऊ नका; 'डेट' खुणेच्या गुणधर्मात ठेवा. 'मौजे मजकूर' आलं तर मजकूर म्हणजे वर लिहिलेलं कोणतं गाव, ही माहितीसुद्धा अशीच बाजूला, दुव्यात.

आपल्या भागात मोडीबरोबर फारसी आणि उर्दूही येते, म्हणून उर्दू लिपी वाचण्यापुरती तरी शिका. जुन्या फारसी हिशेबात सियाक आकडे भेटतील. हे आकडे म्हणजे अरबी संख्याशब्दच, लिहून लिहून आखडलेले. संक्षेप म्हणून उलगडावेत की आकडा म्हणून नोंदवावेत, यावर आमच्याकडे वाद झडतात. युनिकोडने २०१८ मध्ये भारतीय सियाक घेतले ते आकडे म्हणूनच, आणि मीही 'नम' खुणेत आकडाच नोंदवते, किंमत गुणधर्मात. उलगडलेला अरबी शब्द फक्त तिथे देते, जिथे आकडा दोन तऱ्हांनी वाचता येतो.