पंपाचा आवाज ओळखता येतो, पण तो सांगायचा कसा?

कारखान्यांतील पंपांची देखभाल करण्यात माझे नोकरीचे सारे आयुष्य गेले. निवृत्तीनंतर त्यातले जे काही उमगले ते यूट्यूबवरून नव्या मुलांना सांगावे असे मी ठरवले, तेव्हा अडचण येईल ती कॅमेऱ्याची आणि संकलनाची, असा माझा समज होता. ती आलीच, पण दोन महिन्यांत ओसरली. जे आपल्या अंगवळणी पडले आहे ते आपल्याला ठाऊक आहे, हेच आपल्या लक्षात येत नाही, ही खरी अडचण अजूनही पुरती गेलेली नाही.

माझा पहिला व्हिडिओ ४७ मिनिटांचा होता. (१५ मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ चढवण्यासाठी यूट्यूबवर फोन क्रमांकाची पडताळणी करावी लागते, हेही मला त्या दिवशी कळले, तेवढ्यावरूनच मी सावध व्हायला हवे होते.) प्रेक्षक कुठपर्यंत टिकले हे दाखवणारा आलेख नंतर उघडला, तर मी पंपांचे प्रकार सांगत असतानाच बहुतेक मंडळी निघून गेलेली दिसली. मग मी रात्रपाळीत ज्युनिअर मुले फोन करून काय विचारत असत ते आठवून एका वहीत लिहून काढले, आणि त्यांतला एकच प्रश्न घेऊन सात मिनिटांचा व्हिडिओ केला: पंपातून खडी चालल्यासारखा आवाज का येतो?

हा आवाज ज्यामुळे येतो त्याला कॅव्हिटेशन म्हणतात. सक्शनच्या, म्हणजे पंप पाणी ओढून घेतो त्या बाजूला दाब फार खाली गेला की पाणी न तापताच उकळू लागते, त्याचे बुडबुडे होतात, ते इम्पेलरमध्ये (पंपातल्या फिरत्या पात्यांच्या चाकात) जास्त दाबाच्या जागी पोहोचताच फुटतात आणि हळूहळू धातूला खड्डे पाडतात. सक्शनची गाळणी तपासा, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे का पाहा, पाण्याची पातळी पाहा, असे उपाय मी सांगितले होते. काही दिवसांनी एका मुलाने कळवले की त्याने हे सगळे केले, तरी आवाज तसाच आहे. पाणी किती गरम आहे, असे मी विचारले, तेव्हा उत्तर आले: ८० अंश सेल्सिअस. त्या तापमानाला पाण्याच्या वाफेचा दाब वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ निम्मा असतो. म्हणजे दाब तेवढा खाली आला तरी पाणी उकळू लागते, आणि थंड पाण्याला पुरेसा ठरणारा सक्शनचा दाब तिथे तोकडा पडू शकतो. पंपाजवळ गेलो की मी आधी पाइपला हात लावून पाहत असे, आणि नेमकी तीच गोष्ट सांगायची राहून गेली होती, कारण ती माझ्या हाताला ठाऊक होती, तोंडाला नव्हती.

स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० साली केलेला एक प्रयोग मी पुढे वाचला. काही जणांनी परिचित गाण्यांचा ठेका टेबलावर वाजवायचा आणि ऐकणाऱ्यांनी गाणे ओळखायचे. वाजवणाऱ्यांना वाटत होते की निम्मी गाणी तरी ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या मनात सूर चालू असतो, ऐकणाऱ्याच्या कानावर फक्त ठकठक पडते. माझ्या ४७ मिनिटांचे याहून नेमके वर्णन मला करता येणार नाही.

म्हणून आता मी चित्रीकरणाआधी संहिता अशा माणसाला वाचून दाखवतो, ज्याने पंप उघडलेला नाही, आणि तो जिथे ‘म्हणजे काय?’ असे विचारतो तिथे खूण करतो. ही पायरी टाळू नये, कारण यूट्यूबवर एकदा चढवलेला व्हिडिओ त्याच दुव्यावर ठेवून बदलता येत नाही. गरम पाण्याची दुरुस्ती मला व्हिडिओखालच्या वर्णनात सर्वांत वर लिहावी लागली आणि नवा व्हिडिओ वेगळा करावा लागला.

तांत्रिक बाजूबद्दल एवढेच सांगतो, की चित्र साधे असले तरी लोक सांभाळून घेतात, पण आवाज घुमला की निघून जातात. त्यामुळे पहिला खर्च कॉलरला लावायच्या माइकवर करावा.

जुन्या नोकरीतली रेखाचित्रे आणि छायाचित्रे मात्र परवानगीशिवाय दाखवू नयेत, कारण गोपनीयतेच्या अटी निवृत्तीबरोबर संपतातच असे नाही. मी आकृत्या हाताने काढतो. त्या काढताना बोलण्याचा वेगही आपोआप आटोक्यात राहतो. कोणी आवाजाची ध्वनिफीत पाठवून निदान विचारले, तर काय तपासायचे ते सांगावे, पण निकाल देऊ नये, आणि यंत्राचा वीजपुरवठा तोडून कुलूप लावल्याखेरीज कपलिंगचे (मोटर आणि पंप यांना जोडणाऱ्या फिरत्या भागाचे) आवरण काढू नका, हे प्रत्येक वेळी बजावावे. ऐकणाऱ्याला ते ठाऊक असेल असे धरून चालणे म्हणजे पुन्हा तीच चूक.

सध्या मेकॅनिकल सीलवरचा, म्हणजे पंपाच्या फिरत्या दांड्यापाशी गळती रोखणाऱ्या भागावरचा व्हिडिओ अडला आहे. ‘सील कोरडे चालू देऊ नका’ असे मी लिहिले, त्यावर माझ्या श्रोत्याने विचारले, ‘कोरडे आहे हे बाहेरून कळते कसे?’ वहीचे ते पान अजून अर्धे कोरे आहे.