ड्यूकच्या बिल्ल्यांत गेलेले तीन आठवडे

तैलरंग शिकायचे तर जुन्या उस्तादाची नक्कल करा, हा सल्ला सगळेच देतात. सुरुवात कुठून करायची, ते कुणी सांगत नाही. मी स्पॅनिश चित्रकार गोयानं रंगवलेला ब्रिटिश सेनापती ड्यूक ऑफ वेलिंग्टन निवडला. खरं सांगायचं तर लाल कोटावरच्या पदकांना भुललो होतो.

१८१२ च्या ऑगस्टमध्ये वेलिंग्टन माद्रिदमध्ये शिरला, तेव्हाचं हे चित्र. आता ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. (१९६१ साली चोरीला गेलं होतं, १९६५ मध्ये परत मिळालं. नकलेपेक्षा चोरी सोपी असावी.) मूळ चित्र महोगनीच्या फळीवर, साधारण ६४ बाय ५२ सेंटिमीटरचं. नक्कल मूळ मापाची करू नये हा संकेत पाळून मी पाऊण आकार घेतला, ४८ बाय ३९. मूळ मापाच्या प्रिंटवर ४ सेंटिमीटरचे चौकोन आखले, कॅनव्हासवर ३ चे. दोन्हीकडे १६ ओळी आणि १३ रकाने. रेखाटन यामुळे निभावलं.

मग मी थेट बिल्ल्यांना हात घातला. बारीक ब्रश, ट्यूबमधला पिवळा, ताऱ्याच्या आकाराच्या पदकाचा एकेक कोन. तीन आठवड्यांनी कोटावर पिवळ्या टिकल्या चिकटवल्यासारखं दिसत होतं आणि वर चेहऱ्याच्या जागी कोरा कॅनव्हास.

त्यानंतर कुठे मी प्रिंट नीट जवळून पाहिली. गोयाच्या ताऱ्यांना धड कडाच नाहीत! करडे, मातकट फटकारे आणि मधेच एखादा जाड, फिकट ठिपका. दोन पावलं मागं गेलं की त्याचंच सोनं होतं. सोनं म्हणजे बहुतेक तपकिरी आणि ऑकर, म्हणजे मातकट पिवळा; चकाकी असते ती तेवढ्या एका ठिपक्यात, आणि तो ठिपका सगळ्यात शेवटी ठेवायचा. पुढं वाचलं की वेलिंग्टनला नवे सन्मान मिळाले तशी गोयानं १८१४ मध्ये पदकं बदलली. त्यानं स्वतः पुसून पुन्हा रंगवलेल्या जागेवर मी तीन आठवडे घालवले होते.

सगळं खरवडून काढलं. टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी रंग, कॅनव्हासभर फासला आणि उजेडाच्या जागा चिंधीनं पुसून काढल्या. मग फक्त अंबर आणि पांढरा, दुसरा रंग नाही, असा चेहरा रंगवला. रोज आरशात उलटा बघायचो; डावा डोळा घसरलाय हे आरशानंच सांगितलं. डोळे बारीक करून पाहिलं की तपशील विरतो आणि उजेड-सावलीचे मोठे तुकडे उरतात. ते चुकले असतील तर पुढचे रंग काही वाचवत नाहीत.

लाल कोटानं वेगळा धडा दिला. उजळ करायला पांढरा मिसळला की लाल गुलाबी होतो. उजेडात थोडा ऑकर आणि नारिंगीकडे झुकणारा लाल, सावलीत काळ्याऐवजी अंबर, असं केल्यावर कापड कापडासारखं दिसू लागलं. अलिझरिन हा गडद लाल वापरलात तर धीर धरा, तो फार सावकाश वाळतो. अंबर मात्र लवकर. खालचे थर टर्पेंटाइनचे, वर जाल तसं जवसाचं तेल वाढवायचं. उलट केलं तर पुढं तडे जातात.

एक गोष्ट गमतीत घेऊ नका. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा आपोआप तापून पेटू शकतो. त्या पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.

चेहऱ्याला दोन महिने लागले. किंचित विलग ओठ अजूनही मनासारखे नाहीत, थकलेले डोळे बऱ्यापैकी जमले. बिल्ले अगदी शेवटी, एका संध्याकाळी झाले. वार्निशला अजून सहा महिने तरी आहेत. तोवर कॅनव्हासच्या मागं माझं नाव, तारीख आणि ‘गोयावरून’ एवढं लिहून ठेवलंय.