मुंबईत फोटोच्या जागा शोधताय? या चुका टाळा

रीलमध्ये सीएसएमटी सोन्यासारखी चमकते, म्हणून लोकेशन सेव्ह होतं आणि रविवारी सकाळी सातला मंडळी कॅमेरा घेऊन हजर होतात. हाती येते काळवंडलेली इमारत आणि पांढरंफटक आकाश. सीएसएमटीचं तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे सकाळी सूर्य तिच्या पाठीमागे असतो. तिथे दुपारी चारनंतर जा. सकाळी गेलाच असाल, तर समोरची महापालिकेची इमारत टिपा. गेटवेचं तोंड पूर्वेच्या समुद्राकडे आहे. सकाळी चौकातून फक्त काळी आकृती मिळते (हवी असेल तर उत्तमच). दगडाची नक्षी उजेडात हवी असेल, तर सकाळी बोटीतून काढा, म्हणजे ताजही सोबत येतं.

नकाशावर जागेची पिन बघताना सूर्य कुठे मावळणार हेही बघा, कारण ती जागा वर्षभर सरकत राहते. मुंबईत डिसेंबरअखेरीस सूर्य साधारण 245 अंशांवर (उत्तरेपासून पूर्वेकडून मोजत; 270 म्हणजे ठीक पश्चिम) मावळतो, तर जूनअखेरीस 295 अंशांवर. हा 50 अंशांचा फरक फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावरच्या 50 मिमी लेन्सच्या आडव्या फ्रेमपेक्षाही मोठा आहे. सी-लिंकच्या बाबतीत हमखास इथेच फसगत होते. वांद्रे किल्ल्यावरून पुलाचे मनोरे दक्षिणेला दिसतात आणि सूर्य भलतीकडे उजवीकडे बुडतो. पुलामागे सूर्य हवा असेल, तर दादर चौपाटी गाठा. तिथून हिवाळ्यात तो वरळीच्या टोकाकडे मावळतो आणि उन्हाळ्यात केबलच्या मनोऱ्यांच्या बाजूला सरकतो. सनकॅल्क या सूर्याची दिशा दाखवणाऱ्या वेबसाइटवर तारीख टाकली की सूर्यास्ताची रेघ दिसते, दोन मिनिटांचं काम.

सूर्य बुडाल्या बुडाल्या ट्रायपॉड गुंडाळणं ही पुढची चूक. मरीन ड्राइव्हचे दिवे आणि निळं आकाश यांचा तोल सूर्यास्तानंतर साधारण 10 ते 25 मिनिटांत जमतो. युरोपातले व्हिडिओ बघून तासभर मिळेल असं समजू नका, आपल्याकडे अंधार झपकन पडतो. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 100, लेन्सचं छिद्र एफ/11 आणि शटर 4 ते 8 सेकंद इथून सुरुवात करा, मग अंधार वाढेल तसा वेळ वाढवा.

भरती-ओहोटी न बघता शिवडीला जाणाऱ्यांची तर कीवच येते. फ्लेमिंगो साधारण नोव्हेंबर ते मे दिसतात, पण पूर्ण ओहोटीला ते चिखलात इतके लांब असतात की 400 मिमी लेन्समध्येही गुलाबी ठिपकेच येतात. ऐन भरतीत चिखलच पाण्याखाली जातो. भरतीच्या आधीचे किंवा नंतरचे दोन-तीन तास धरा. वेळ काढायला जुना हिशेब पुरतो: तिथीची पाऊणपट. तृतीयेला 3 × ¾, म्हणजे सव्वादोनला भरती. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. पौर्णिमा-अमावास्येनंतर प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं. शिवडीचा किनारा पूर्वेकडे असल्याने पक्ष्यांवर समोरून ऊन दुपारनंतरच पडतं. म्हणून तृतीया-चतुर्थीला चारच्या सुमारास पाणी उतरत असताना जा, ऊन आणि पक्षी दोन्ही जुळतात. भर दुपारी मात्र तापलेल्या हवेच्या थरथरीने लांबचे फोटो धूसर येतात. तो दोष लेन्सच्या फोकसच्या माथी मारू नका.

दादरचा फुलबाजार पहाटेचा, आठला पोचलात तर मुख्य गडबड संपत आलेली असते. तिथे फोटोवर आडवे काळे पट्टे येतात ते दिव्यांमुळे: आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. शटर 1/100 किंवा 1/50 सेकंद ठेवा, पट्टे जातात. व्हाइट बॅलन्स (दिव्यांच्या रंगछटेनुसार रंग जुळवणारं सेटिंग) ऑटोवर सोडला, तर झेंडू प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या रंगाचा येतो. आणि हारवाल्या मावशींना आधी विचारा, गिऱ्हाईक उभं असताना मध्ये लेन्स खुपसू नका.

परवानगीचंही तसंच. गेटवेजवळ ट्रायपॉड उघडला की पोलिस हटकतात. कठड्यावर बीनबॅग टेकवून काम भागतं. ड्रोन तर न विचारता उडवूच नका, मुंबईत बंदीचे आदेश वेळोवेळी निघतात.

पावसाळ्यात एसी टॅक्सीतून उतरून लगेच लेन्सचं झाकण काढलं, तर काच धुकटते. कॅमेरा बंद बॅगेतच 20-30 मिनिटं राहू द्या. उधाणाच्या दिवशी मरीन ड्राइव्हच्या लाटा टिपायच्या असतील तर कठड्यावर चढू नका. रस्त्यापलीकडून 70-200 मिमीने लाट जास्त उंच दिसते, शिवाय खारं पाणी काचेवर येत नाही. आलंच, तर कोरड्या कापडाने घासू नका, मिठाचे कण ओरखडे पाडतात. आधी गोड्या पाण्यात ओलसर केलेल्या मऊ कापडाने टिपून घ्या.