छोटा लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू होत नाही? आधी एवढं हाताशी घ्या

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दोन जीबी रॅम आणि ३२ जीबी स्टोरेजचे छोटे लॅपटॉप तेव्हापासून घरोघरी पडून आहेत. विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी, हलकी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली तर त्यांवर लिहिणं-वाचणं अजून नीट होतं, म्हणून ते भंगारात जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी लॅपटॉप आधी लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून सुरू व्हावा लागतो, आणि गाडी अडते ती या पहिल्याच पायरीवर. पेनड्राइव्ह लावला, त्याचा दिवा एकदा लुकलुकला आणि समोर पुन्हा विंडोजच.

बायोसला (लॅपटॉप चालू होताना विंडोजच्याही आधी चालणाऱ्या प्रोग्रामला) हात लावण्याआधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या. मग सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी सोय, चालू आहे का ते बघा. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून शोधून कागदावर लिहून घ्या. सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टिम सुरू होऊ न देणारी बायोसमधली सोय) बदलल्यावर विंडोज नेमकी हीच की मागू शकतं, आणि ती नसली तर आतलं सगळं कुलूपबंद. ही पायरी कृपा करून कोणीही गाळू नका. बॅटरीही पूर्ण भरून ठेवा. काही टॅबलेटवजा लॅपटॉपांना चार्जर आणि पेनड्राइव्ह यांच्यासाठी मिळून एकच मायक्रो-यूएसबी भोक असतं. तिथे ओटीजी जोडणी (पेनड्राइव्ह लावायची छोटी केबल) लावली की चार्जिंग बंद.

आता खरी गोम. माझ्या भाचीचा असाच एक लॅपटॉप होता. तीन पेनड्राइव्ह बदलले, दोन संध्याकाळी गेल्या. ‘मामा, पेनड्राइव्हच खराब असेल,’ असं ती म्हणत होती आणि मलाही तेच पटत होतं. शेवटी सेटिंग्जमधलं ‘अबाउट’ उघडलं. तिथे एकाच ओळीत लिहिलेलं होतं: ३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४-बेस्ड प्रोसेसर. म्हणजे प्रोसेसर ६४-बिटचा, पण त्यावर विंडोज ३२-बिटचं. तुमच्याकडेही अशी ओळ दिसली तर विंडोज आणि आर दाबून एमएसइन्फो३२ चालवा आणि ‘बायोस मोड’ पाहा. तिथे यूईएफआय (नव्या पद्धतीचा बायोस) असेल तर लॅपटॉपचं फर्मवेअरच, म्हणजे बायोसच, ३२-बिट आहे, कारण यूईएफआयमध्ये विंडोजला फर्मवेअरच्याच बिटचं असावं लागतं. अॅटम झेड३७३५एफ प्रोसेसरच्या पुष्कळ लॅपटॉपांची हीच गत आहे.

असं फर्मवेअर पेनड्राइव्हवरच्या ‘ईएफआय’ फोल्डरमधल्या ‘बूट’मध्ये बूटआयए३२.ईएफआय नावाची फाइल शोधतं. बऱ्याच आयएसओंमध्ये (लिनक्स ज्या एका मोठ्या फाइलमध्ये मिळतं तिला आयएसओ म्हणतात) फक्त ६४-बिटची बूटएक्स६४.ईएफआय असते, म्हणून बूट मेनूत, म्हणजे लॅपटॉप कशावरून सुरू करायचा त्या यादीत, पेनड्राइव्ह दिसतच नाही, किंवा निवडला तरी परत विंडोजच येतं. डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराने २०१५ मधल्या आठव्या आवृत्तीपासून अशा मिश्र (६४-बिट प्रोसेसर, ३२-बिट फर्मवेअर) यंत्रांची सोय केली आहे. तुम्ही कुठलीही आयएसओ घेतलीत तरी पेनड्राइव्ह तयार झाल्यावर तो उघडून ही फाइल आहे ना, एवढं डोळ्यांनी बघा. नसेल तर दुसरी आयएसओ घ्या.

पेनड्राइव्ह आठ जीबीचा पुरतो, पण त्यावरचं सगळं पुसलं जाणार हे लक्षात असू द्या. आयएसओ नुसती कॉपी-पेस्ट केली तर बूट होत नाही, ती रूफससारख्या प्रोग्रामने लिहावी लागते. रूफसमध्ये टार्गेट सिस्टिम यूईएफआय आणि फाइल सिस्टिम फॅट३२ ठेवा. डाउनलोडचा एसएचए२५६ आकडा (फाइल जशीच्या तशी उतरली का ते सांगणारी खूण) साइटवरच्या आकड्याशी जुळवून बघा. अर्धवट उतरलेल्या फाइलने माणूस हकनाक दमतो.

पेनड्राइव्ह हबमध्ये लावू नका, थेट लॅपटॉपला लावा. एका पोर्टवर जमलं नाही तर दुसरं बघा.

बूट मेनूची की प्रत्येक लॅपटॉपची वेगळी: एफ१२, एफ९, एस्केप. छोट्या कीबोर्डवर कधी एफएनही सोबत दाबावं लागतं. फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज बंद केलं तरी पुरतं बंद होत नाही, म्हणून रीस्टार्ट करूनच की दाबा. की लागतच नसेल तर शिफ्ट धरून रीस्टार्ट करा आणि ‘यूज अ डिव्हाइस’ निवडा. मेनूत एकाच पेनड्राइव्हच्या दोन ओळी दिसल्या तर जिच्या आधी यूईएफआय लिहिलंय ती घ्या.

तरीही अडलं तर बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करा. काही लॅपटॉपांत हा पर्याय पुसट दिसतो आणि सुपरवायझर पासवर्ड ठेवल्यावरच उघडतो. तो पासवर्ड रिकव्हरी कीच्याच कागदावर लिहा आणि काम झालं की बायोसमधून पासवर्ड काढून टाका.

लिनक्स सुरू झालं की लगेच इन्स्टॉल करू नका. आयएसओ लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालणारी, असेल तर आधी तसंच वापरून बघा. वाय-फाय सापडत नसेल तर फोन केबलने जोडून त्याचं इंटरनेट घ्या. टचपॅड हलला, आवाज आला, मराठी कीबोर्ड लावून आपलं नाव नीट उमटलं, की मग इन्स्टॉलचं बटण दाबा.