समरी जजमेंट लिहिताना या चुका टाळा, कारणं नसलेला निकाल अपीलात लंगडा पडतो

समरी जजमेंट म्हणजे साक्षीपुरावा न घेता फक्त कागदपत्रं आणि ॲफिडेव्हिटवर लागलेला निकाल. हरलेला माणूस साक्षीदाराच्या पिंजऱ्यात कधी उभाच राहिलेला नसतो, समोरच्याची उलटतपासणीही झालेली नसते, त्यामुळे आपलं म्हणणं कोर्टाने खरंच वाचलं का हे त्याला कळायला निकालातल्या कारणांशिवाय दुसरं काहीच नसतं. म्हणून इथे कारणं जास्त लागतात, कमी नाही.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे नुसता निष्कर्ष लिहून मोकळं होणं. "दोन्ही बाजू ऐकल्या, कागद पाहिले, प्रतिवादीच्या बचावात दम नाही, सबब दावा मंजूर." अरे पण दम का नाही? समजा प्रतिवादीने माल खराब निघाल्याचा ईमेल जोडलाय आणि निकालात त्या ईमेलचा उल्लेखच नाही, मग तो ईमेल खोटा वाटला की उशिरा आलेला वाटला की कोणी उघडूनच पाहिला नाही, हे अपील कोर्टाने ओळखायचं कसं? प्रत्येक कागदावर पान पान लिहा असं कोणीच म्हणत नाही, पण हरणाऱ्या बाजूचा सगळ्यात मजबूत पुरावा कुठला आणि तो का पुरला नाही एवढं तरी यायलाच हवं.

कॅनडात २००२ साली सुप्रीम कोर्टाने शेपर्ड खटल्यात हेच सांगितलं. खटला फौजदारी होता, चोरीच्या दोन खिडक्या जवळ बाळगल्याचा, आणि खालच्या कोर्टाने जवळजवळ एका वाक्यात दोषी ठरवलेलं. सुप्रीम कोर्टाने कसोटी साधी ठेवली, की कारणं अशी हवीत ज्यावरून अपीलात निकाल नीट तपासता येईल.

दुसरी चूक, आणि ही मला जास्त गंभीर वाटते, ती म्हणजे दोन ॲफिडेव्हिट एकमेकांच्या विरोधात असताना एकावर विश्वास ठेवायचा आणि का ते लिहायचंच नाही. अमेरिकेत तर या टप्प्यावर जजने कोण खरं बोलतोय हे ठरवायचंच नसतं. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात २०१० पासून जजला पुरावा तोलायचे, विश्वासार्हता बघायचे अधिकार मिळाले, पण अधिकार वाढले की कारणंही वाढायला नकोत का?

जिंकलेल्या वकिलाचा लेखी युक्तिवाद जसाच्या तसा निकालात उतरवणंही टाळा, तेवढ्यानेच निकाल रद्द होतो असं नाही पण जजने स्वतः विचार केला का ही शंका मागे राहतेच.

आपल्याकडे २०१५ च्या कमर्शियल कोर्ट्स ॲक्टने दिवाणी प्रक्रिया संहितेत समरी जजमेंटसाठी ऑर्डर १३-अ आणला, त्याच्या नियम ६ मध्येच कारणं नोंदवा असं स्पष्ट लिहिलंय. आणि समरी जजमेंटचा अर्ज कोर्टाने वादाचे मुद्दे काढायच्या आधी करायचा असतो हे लक्षात घ्या, म्हणजे वाद नेमका कशावर होता हे सांगणारा मुद्द्यांचा कागद फाईलमध्ये नसतोच, ते काम निकालालाच करावं लागतं.

अर्ज फेटाळताना कारणं लागत नाहीत हा पण गैरसमजच. अमेरिकेच्या फेडरल कोर्टांचा समरी जजमेंटबद्दलचा नियम ५६ (२०१० च्या दुरुस्तीनंतर) मंजूर किंवा नामंजूर, दोन्ही वेळा कारणं सांगावीत म्हणतो. ट्रायलमध्ये नक्की काय सिद्ध करायचं राहिलंय हे त्यातूनच तर कळतं!

आता वकिलांसाठी. कारणं नसलेला निकाल हातात पडला की लगेच अपीलाचा मसुदा करायला बसू नका. इंग्लंडच्या कोर्ट ऑफ अपीलने २००२ मध्ये सांगितलेला रस्ता असा, की आधी त्याच जजला कारणं पुरी करायची विनंती करा. तुमच्याकडची प्रक्रिया काय परवानगी देते ते बघा, पण निदान सुनावणीतच आपले दोन-तीन मुख्य मुद्दे आणि त्यांचे पान नंबर लेखी देऊन ठेवा, म्हणजे पुढे "हा मुद्दा मांडलाच नव्हता" असं कोणाला म्हणता येणार नाही.